गुलाबाच्या फोटोचं खातं

माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीला मी चारचौघींत नकली ठरवलं आणि तिचं खातं बंद पाडलं. वर त्याची शाबासकीही घेतली.

तेव्हा मी नुकती पासष्टीची झाले होते, म्हणजे कोवळी पोरच. हातात नवा मोबाइल, आणि कॉलेजातल्या नातीनं खोटी खाती ओळखायला शिकवलेलं. चेहऱ्याचा फोटो नाही, मित्र चार-दोन, खातं कालपरवा उघडलेलं, असं दिसलं की सावध व्हायचं. मग खऱ्या माणसालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं. तरी शंका राहिली तर सरळ फोन लावायचा. माझ्या दिराच्या नावाचं एक खोटं खातं मी असंच पकडलं होतं. "माझ्या लग्नात तुम्ही रुसून कुठं बसला होता?" एवढं विचारलं, तर पलीकडचा गडपच झाला. तेव्हापासून नांदेडच्या आमच्या घरात आणि लातूरच्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मला फौजदारीण म्हणायला लागले. मी वरवर रागवायचे. आतून सुखावायचे.

अशात एक फ्रेंड रिक्वेस्ट आली. नाव लातूरच्या माझ्या बालमैत्रिणीचं. तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान आमच्या घराला लागूनच होतं. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि आई तो पुरणपोळ्यांनी भरून परत पाठवायची. डबा रिकामा गेला असं कधी झालं नाही. लग्नं झाली आणि आमची गाठ सुटली ती सुटलीच.

खात्यावर फोटो गुलाबाचा. खाली मेसेज: "ओळखलीस का? ह्यांना घेऊन नांदेडला दवाखान्यात आलेय. इथं कुणी ओळखीचं न्हाई. येऊन जा की."

आला दवाखाना, मी मनात म्हटलं, आता मागोमाग पैसे मागणार. त्यांच्या घरात बायांचे फोटो असे उघड्यावर लावत नाहीत, हे मला आठवलं नाही. मला! त्यांच्या माजघरात लोळून मोठी झालेलीला.

मी परीक्षा घेतली. लहानपणी आम्ही दोघी आडत बाजारात गुळाचा खडा चोरायला गेलो होतो. राखणदार ओरडला आणि आमच्यातल्या एकीनं जागच्या जागी कपडे ओले केले. ही गोष्ट मी सासरी सांगितली, लेकरांना सांगितली, ग्रुपवर तर दोनदा सांगितली, आणि दरवेळी भिजलेली ती असायची. मी लिहिलं, "गूळ चोरताना कोण मुतलं होतं?"

उत्तर लगेच आलं. "तू. माझ्या ओढणीनं पुसलंस. अजून वास याद हाय मला."

माझे कान तापले. ओढणीचं मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मग परक्याला ते कुठून कळणार? हे तेव्हाच मनात आलं होतं, नाही असं नाही. पण नात माझ्या खांद्यावरून वाचत होती. "आजी, तू?" म्हणून ती खिदळली आणि फौजदारीण पेटली.

"बघ, उत्तर चुकलं. नकली हाय!"

मेसेजचा फोटो मी ग्रुपवर टाकला, ओढणीचं वाक्य तेवढं कापून. वर लिहिलं, "गुलाब लावून चोर आलाय, सगळ्यांनी रिपोर्ट करा." तिचा नंबर कुणाकडं आहे का, असं त्याच ग्रुपवर विचारलं असतं तर मिळाला असता. बायकांनी धडाधड रिपोर्ट केलं. खातं बंद पडलं. कुणी टाळ्या पाठवल्या, कुणी हार.

पुढं काही दिवसांनी ग्रुपमधल्या एकीला ती लातूरच्या बाजारात भेटली. त्या ग्रुपवालीचा मला फोन आला. "अगं, ती खरीच होती की! नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आठवडाभर व्हरांड्यात एकटी बसून होती, बाहेरचं काहीबाही खाऊन."

तो दवाखाना आमच्या घरापासून जवळच, ऑटोनं गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं इतका. आणि त्या आठवड्यात आमच्याकडं रोज पोळ्या उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या केल्या, आईसारख्याच डबा गच्च भरून, आणि फोनवालीकडून पत्ता घेऊन लातूरची एसटी धरली. वाटभर डबा मांडीवर घेऊन काय बोलायचं ते जुळवत होते. दार तिनंच उघडलं. आत तिचा नवरा उशीला टेकून बसला होता. त्याला पाहून मला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटतंय याचीच लाज वाटली. तिनं पाणी दिलं. डब्याकडं पाहिलं नाही. जुळवलेलं सगळं मी विसरले.

"गुळाच्या वेळी मीच होते गं," मी म्हटलं. "आणि ओढणीचं वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, तू खरी आहेस म्हणून."

तिनं डबा उचलला आणि न उघडता माझ्या पुढ्यात ठेवला.

"मला काय सांगायलीस? मला ठावंच हाय. जिथं मला नकली म्हणलीस, त्या ग्रुपवर लिही. ओढणीसकट लिही. तवर ह्या डब्याला मी हात लावत न्हाई."