दाऊदचाचा आणि दोन सात नंबर

जव्हारच्या बाजारात दाऊदचाचांना कोयतेवाले म्हणूनच ओळखतात. पण २००४ साली ते जव्हारला राहणार की भिवंडीला जाणार हे ठरलं गोल्फच्या काठ्यांवर. हे सांगितलं की कॉलेजमधली पोरं हसतात, कारण जव्हार-मोखाड्यात गोल्फ कोणी खेळत नाही आणि खेळणार पण नाही, चेंडू ठेवला तर तो दरीत जाऊनच थांबेल अशी आमची जमीन.

चाचांचं दुकान म्हणजे भट्टी, ऐरण, जमिनीत पुरलेल्या ओंडक्यावर बसवलेला, लोखंड आवळून धरायचा एक वाइस आणि वर पत्रे. आमच्या पोशेऱ्यातले निम्मे कोयते त्यांच्या हातचे, माझ्या बापाच्या कमरेचा पण. कोयता बघताना ते धार नंतर बघतात, आधी पाठ दाबतात अंगठ्याने. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "पातळ असेल तिथे कडक, जाड असेल तिथे नरम." म्हणजे धारेला पाणी दिलेलं असतं म्हणून ती कडक आणि तुटकी, पाठ जाड आणि मऊ, ती मार खाते. चाळीस वर्षं याच हिशोबाने त्यांनी लोखंड हाताळलं.

गोल्फ त्यांच्याकडे आणला देवानंदने. देवानंद खोडाळ्याचा, दहावी नापास, नाशिकच्या बाजूला एका गोल्फच्या मैदानावर कॅडी, म्हणजे साहेब लोकांची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागे मागे चालायचं काम. ९७ साली तो घरी येताना एक काठी घेऊन आला, तिचा मुठीचा रबर फाटला होता. चाचांनी तो बदलून दिला. मग दर महिन्या-दोन महिन्यांनी एसटीच्या टपावरून चार-पाच काठ्या यायला लागल्या. रबर बदल, नळी म्हणजे लांब दांडा बदल, खालचं चेंडू मारायचं डोकं निखळलं असेल तर चिकटव. चाचांना ते सोपंच होतं, कोयत्याला मूठ बसवण्यासारखं.

पण २००० नंतर आठवडी बाजारात कारखान्याचे कापीव कोयते आले, स्वस्त आणि सगळे एकसारखे, आणि चाचांची भट्टी आठवड्यातून दोनच दिवस पेटायला लागली. मुलगा मुदस्सर भिवंडीला लूमवर. तो सारखा म्हणायचा की अब्बा, खोली घेतली आहे मोठी, बकरीदच्या आत दोघं या. झरीनाचाचींची तयारीच होती, त्यांना नात बघायची होती, हुमा, वर्षाची झाली होती आणि त्यांनी तिला दोनदाच पाहिलेलं. जानेवारीत त्यांनी मोठी भांडी गोणीत भरून तोंड शिवून टाकलं. चाचांना जायचं नव्हतं. ते तसं बोलले नाहीत कधी, फक्त रोज एक भांडं गोणी उसवून बाहेर काढायचे, चहाला पाहिजे म्हणून.

तेव्हाच देवानंद दोन काठ्या घेऊन आला.

"चाचा, ह्या वेळी रबर नाही. मान वाकवायची."

"कुणाची?"

"काठीची. क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी पाठवलंय. जमलं तर सगळ्या मेंबरांचं काम इकडे, दर पंधरा दिवसांनी पोतं भरून. आता ते सगळं मुंबईला जातं आणि महिना महिना येत नाही."

चाचांनी चाचींकडे बघितलं. चाची भाजी निवडत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही, पण हात थांबला.

प्रकरण असं होतं. एक खूप उंच साहेब, कंपनीच्या कामाने जपानलाही जायचे आणि अमेरिकेलाही, त्यांनी दोन्हीकडून काठ्यांचा एकेक सेट आणला. दोन्हींतल्या काठ्या दुकानातल्या नेहमीच्या मापाच्या, त्यामुळे हे साहेब उभे राहिले की काठीच्या डोक्याचं पुढचं टोक जमिनीवरून उचललं जायचं नाही तर डोक्याची मागची टाच उचलली जायची, मला ते नीट कळलं नाही, पण मान, म्हणजे नळी डोक्यात शिरते तो भाग, थोडी उभी करायची होती, तीन डिग्री. सेक्रेटरीने पुठ्ठ्याचा कोन कापून दिला होता. काठ्यांना नंबर असतात, त्यातला नमुन्याला एक सात नंबर जपानचा, एक सात नंबर अमेरिकेचा. दोन्ही त्या पुठ्ठ्याला लागले पाहिजेत.

नंबर एकच, पण दोन्ही शेजारी ठेवल्या तर कोणी म्हणणार नाही की एकाच कामाच्या आहेत. मी त्या दिवशी बापाचा कोयता न्यायला गेले होते म्हणून पाहिल्या. जपानची लहान, डोक्याची वरची कड इतकी बारीक की वहीच्या पुठ्ठ्याएवढी, मागून सपाट, वर दुधासारखी चमक आणि लिहिलेलं जवळजवळ काहीच नाही, एक बारीक खूण, तीही शोधावी लागायची. मान डोक्यात कुठे मिसळली ते दिसत नव्हतं. अमेरिकेची फुगीर. मागे खोल वाटी कोरलेली, सगळं वजन कडेकडेने, तळ रुंद, लाल-पिवळा रंग, मोठी अक्षरं, मान जरा पुढे काढून मग डोकं मागे बसवलेलं. देवानंदने सांगितलं की हिच्यात चेंडू चुकीच्या जागी लागला तरी बऱ्यापैकी जातो, ती खेळणाऱ्याला सांभाळून घेते. जपानची सांभाळत बिंभाळत नाही, चुकलं तर हाताला झिणझिण्या आणते.

"मग जपानची कोण घेतो?" चाचांनी विचारलं.

"ज्यांना येतं ते. आणि ज्यांना वाटतं की येतं ते."

तेवढ्यात जामसरची फागी आली. राबासाठी, म्हणजे भाताच्या वाफ्यावर जाळायला, फांद्या तोडायचे दिवस, तिला कोयत्याला ठोकून धार लावून हवी होती. तिने दोन्ही काठ्या हातात घेतल्या, वजन केलं, अमेरिकेच्या काठीवरचा रंग नखाने खरवडला.

"हा दिवाळीतला बैल दिसतं, शिंगा रंगवलेला," ती म्हणाली. मग जपानची उचलली. "ह्याला मूठ कापून दे मना. ह्याचा कोयता होल."

"परदेशचा आहे तो फागे, तुझं शेत विकलंस तरी नाही यायचा," चाचा म्हणाले.

"शेत काय इकायचा, शेतात दगडाच हाय. दगडा घेतील तर देते."

तिला गरम कोयता देऊन चाचांनी वाटेला लावलं आणि जपानची काठी वाइसमध्ये धरली. धरताना चमकेला ओरखडा नको म्हणून खाली-वर चामडं घातलं, तापवली तरी ती चमक जाणार, म्हणून भट्टीला न्यायची नाही हे त्यांनी ठरवून टाकलेलं. आणि ती पातळ होती. पातळ म्हणजे कडक, म्हणजे तुटकी. ते तिला घाबरले, सरळ सांगायचं तर. नळी काढली, मानेत सळई घातली, वरून पाइप चढवला आणि केसभर ओढलं. पुठ्ठा लावून बघितलं. परत केसभर. मग काठी तशीच ठेवून जेवायला गेले. तीन दिवस हेच चाललं. चाची म्हणाल्या की पोराला जन्म द्यायला पण मला एवढा वेळ लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा बसला, सुईसुद्धा मध्ये जात नव्हती.

आता चाचांच्या अंगात हुरूप. अमेरिकेची तर जाडजूड, जाड म्हणजे नरम. चमक पण नव्हती तिला, मागचा रंग सोडला तर खरबरीत राखाडी अंग होतं. कोयत्याची मान वळवतात तशी त्यांनी तिची मान निखाऱ्यावर धरली, जरा रंग बदलेपर्यंत, वाइसमध्ये आवळली आणि एका दमात ओढली.

मान तुटून हातात आली.

मोठा आवाज पण नाही झाला. चाची सांगतात की चाचा तुकडा घेऊन उन्हात गेले आणि तुटलेली जागा बघत उभे राहिले. आत करडा रवा होता, जाड दाण्याचा. घडीव लोखंड असं तुटत नाही, त्याला ठोकून ठोकून आतून दाबलेलं असतं, ते आधी वाकतं, लांबतं, सांगून तुटतं. हे ओतलेलं होतं. साच्यात ओतलं म्हणूनच ती वाटी, ती अक्षरं, ती फुगीर कड एवढी सहज काढता आली होती, ठोकून कोणी असलं काढत बसलं नसतं. आणि जपानची, जिला ते तीन दिवस घाबरले, तीच मऊ होती, घडवलेली. चाळीस वर्षांचा हिशोब इथे उलटा निघाला.

देवानंद रविवारी आला. त्याने तुकडे बघितले आणि लगेच म्हणाला, "वेल्डिंग मारू. वरून रंग, तसाही तिला रंगच आहे. मारल्याशिवाय कळणार नाही, आणि मारल्यावर म्हणू, साहेबाने जोरात मारली."

चाचांच्या घरात एक रीत आहे, त्यांच्या बापापासून. गिऱ्हाईकाचं हत्यार आपल्या हातून मोडलं तर ते दुकानाच्या दाराला सुतळीने टांगायचं आणि मालक येऊन तुटलेली जागा स्वतः बघेपर्यंत उतरवायचं नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो. चाचांनी ते डोकं टांगलं. दोन दिवस सगळा बाजार विचारत होता की चाचा, हे काय, नळाची तोटी का.

"साहेब इथे बघायला येणार आहे का?" दोन दिवसांनी परत आलेला देवानंद चिडला. "त्याला जव्हार नकाशात बोट ठेवून दाखवलं तरी सापडायचं नाही. हे कयामतपर्यंत टांगून राहील."

"मग मी जातो त्याच्याकडे."

"तुम्ही? काम जाईल चाचा."

"वेल्डिंग मारून पण जाईल. तेव्हा तुझं पण जाईल."

सकाळच्या एसटीने ते गेले, एका पिशवीत दोन्ही सात नंबर, एक नीट, एक दोन तुकड्यात. उंच साहेब भेटलेच नाहीत, ते परदेशी होते. सेक्रेटरी रिटायर फौजी, त्याने व्हरांड्यात उभ्या उभ्या ऐकलं. आधी जपानची पुठ्ठ्याला लावून बघितली, बराच वेळ. मग तुकडा हातात घेतला.

"तापवली होती?"

"हां साहेब. चुकी माझी. जाड बघून नरम समजलो."

"मुंबईवाल्यांनी मागच्या वर्षी दोन तोडल्या. परत पाठवताना लिहिलं की आधीच तडा होता." सेक्रेटरीने तुकडा पिशवीत परत ठेवला. "घडीव तुम्हाला देतो. पण इथे जपानची घडीव पाचच जणांकडे आहे. बाकी सगळे हेच ओतीव घेतात, माफ करतं ना ते. ते मी तुम्हाला देऊ शकत नाही."

पाच जण. पाच जणांच्या काठ्या वर्षातून एकदा वाकवायच्या. चाचा निघाले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"साहेब, फेकायच्या असतील अशा अमेरिकेच्या द्या. मोडायला."

घरी आल्यावर चाचींनी विचारलं की काय झालं. चाचांनी सगळं सांगितलं. चाची एवढंच म्हणाल्या, "मतलब जाना है," आणि गोणीचं तोंड परत शिवायला घेतलं. चाचांनी सुई काढून घेतली नाही. म्हणाले, ईद होऊ दे, मग बघू. ईद झाली. मुदस्सरचा फोन समोरच्या एसटीडी बूथवर यायचा आणि चाची जाऊन सांगायच्या की अब्बांची तब्येत नरम आहे. तब्येत उत्तम होती.

देवानंद अर्धं पोतं डोकी घेऊन आला, गंजलेली, ठोके पडलेली, सगळी अमेरिकेची. चाचा रोज सकाळी एक वाइसमध्ये लावायचे. भट्टी बंद. थंडच ओढायचं, जपानच्या काठीला ओढलं होतं तसं, केसभर, आणि मोडेपर्यंत. किती वाकून मोडली ते खडूने भिंतीवर आडव्या रेघा मारून ठेवायचे. पहिली दोन डिग्रीवर गेली, दुसरी तीनवर, एक तर हात लावताच. शेजारच्या शिंप्याने विचारलं की चाचा, मोडायचं दुकान काढलं का. चाचा म्हणाले, हो, तुझी मशीन आण. नऊ मोडल्यावर त्यांना कळलं की ओतीवला एक डिग्री मागावी, जास्तीत जास्त दीड, आणि मध्ये एक रात्र तिला सोडावं. का सोडावं ते त्यांना सांगता येत नाही. मी विचारलं तर म्हणाले, तू पण अभ्यास करून झोपतेसच ना.

मार्चमध्ये त्यांनी दहावी काठी सेक्रेटरीला पाठवली, एक डिग्री उभी केलेली, आणि देवानंदच्या हाताने चिठ्ठी, ओतीव एवढीच वाकेल, ज्याला जास्त पाहिजे त्याने जपानची घ्यावी. आठ दिवसांनी देवानंद उतरला तेव्हा एसटीच्या टपावर दोन पोती होती. सगळ्या मेंबरांच्या नाहीत, ज्यांना एक डिग्री चालत होती त्यांच्या. पण दोन पोती होती.

चाचींनी पोती बघितली, आत गेल्या, गोणीतली पातेली बाहेर काढली आणि स्वतःच एसटीडीवर गेल्या. मी तिथेच होते, होस्टेलवरून येऊन घरी फोन लावत होते, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"मैं आती हूँ, पंधरा दिन," त्या मुदस्सरला म्हणाल्या. "हुमा को देखूँगी, फिर वापस. तेरे अब्बा नहीं आते."

तिकडून तो काहीतरी बराच वेळ बोलला.

"तब्येत ठीक है उनकी. काम है." परत तिकडून. "नहीं रे, इधर कोई नहीं खेलता." मग समोर दुकानाकडे बघत, "सीख रहे हैं अभी."