आंधळ्या खेचराची एकुलती चकती

हार्लन स्टकीचं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं, आणि तेही एका खेचराच्या चित्राखाली.

नेव्हाडातल्या स्पार्क्समध्ये त्याला सगळे ओळखत होते असं म्हणणं खोटं होईल. त्याला फारसं कुणीच ओळखत नव्हतं. रीनोच्या कॅसिनोंमधली जुगाराची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली, आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्याकडे कोण बघतो? निवृत्तीच्या दिवशी त्याला केक मिळाला. त्यावर 'हॅरोल्ड' असं लिहिलं होतं. वाद नको म्हणून त्याने ते नाव असलेला तुकडा स्वतःच खाल्ला.

पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी हायवेलगतच्या खानावळीच्या मागच्या खोलीत चकतीवाले जमत, तिथे मात्र त्याला मान होता. चकत्या म्हणजे पोकरच्या टेबलावर पैशांऐवजी पुढे सरकवतात त्या. एखादा जुगारखाना बंद पडतो, जळतो, नाहीतर मालक पळून जातो, आणि चकत्या कुणाच्या तरी खिशात नाहीतर खणात राहून जातात. या मंडळींना त्या हव्या असतात. ठिकाण जितकं फालतू, तितकी त्याची चकती महाग. झुंबरं आणि कारंजी असलेल्या कॅसिनोच्या चकत्या कुत्रं विचारत नाही.

आणि ब्लाइंड म्यूलपेक्षा फालतू ठिकाण अख्ख्या नेव्हाडात झालं नाही. कॉपर फ्लॅटच्या खाणीजवळचं हे आंधळं खेचर म्हणजे चार टेबलं, एक बार आणि गळकं छप्पर. ते जळालं तेव्हा गाव रस्त्यावर उभं राहून बघत होतं, आणि मग जेवायला घरी गेलं. चकत्याही जळाल्या असं सगळे धरून चालले होते. पण बावीस वर्षांपूर्वी, कुणीतरी अंगणात विकायला मांडलेल्या जुन्या सामानात, बटणांच्या बरणीत हार्लनला एक सापडली. लाल रंगाची, डोळ्यांवर पट्टी बांधलेलं खेचर असलेली. संग्राहकांच्या दरांच्या पुस्तकात तिची नोंद झाली: 'ज्ञात: एक. ओळख: खेचराच्या उजव्या कानाला खाच. मालक: एच. स्टकी, स्पार्क्स.'

तेव्हापासून बैठकीत त्याला 'खेचर' म्हणत. कॉफीच्या भांड्याशेजारची खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवत. नवा माणूस आला की त्याला आधी हार्लनपुढे उभं करत आणि मग पारदर्शक डबीतली चकती दाखवत. काही जण टोपी काढत. घरी त्याची बायको नोरीन म्हणे, "दिवाणखान्यात आपल्या लग्नाचा फोटो नाही, पण त्या खेचराचा आहे. निदान त्याला पट्टी तरी बांधलीय. मी तर उघड्या डोळ्यांनी लग्न केलं."

सगळ्यात जास्त जळायचा तो गस बेलाउस्तेगी, निवृत्त खाटीक, स्पेनकडच्या बास्क वंशाचा माणूस, पोटाने आणि आवाजाने मोठा. त्याच्या अल्बममध्ये राज्यातल्या सगळ्या बंद पडलेल्या अड्ड्यांच्या चकत्या होत्या, फक्त एक भोक रिकामं होतं. तसं ते सगळ्यांच्याच अल्बममध्ये होतं, पण गसला ते दाढेत अडकलेल्या काडीसारखं सलायचं. दर डिसेंबरला तो हार्लनला घरच्या सॉसेजची माळ आणून द्यायचा, चकतीचा भाव करायचा, आणि हार्लन सॉसेज ठेवून घेऊन नकार द्यायचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि दोघांनाही त्याची गोडी लागली होती.

मग जुलैत एका मंगळवारी दुपारी ओपल टेनंट कॉफीचा मोठा डबा घेऊन हार्लनच्या दारात आली.

ओपल म्हणजे कॉपर फ्लॅटच्या मेथडिस्ट चर्चची खजिनदार, हाडकुळी म्हातारी. तिने नोरीनच्या हातचा थंड चहा घेतला, घाम पुसला आणि डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडा केला. लाल चकत्या टेबलभर पसरल्या. दोन-चार फ्रिजखाली गेल्या.

"वाचनालयातल्या पुस्तकात तुमचं नाव मिळालं, मिस्टर स्टकी," ती म्हणाली. "माझा भाऊ ब्लाइंड म्यूलमध्ये बारवर होता. आग लागली तेव्हा याच तेवढ्या हाताला लागल्या म्हणायचा. दारूही हाताला लागली होती, पण तिचं तो बोलत नसे. मग त्याने या चर्चला दिल्या."

"चर्चला? कशाला?"

"बिंगोला. आकडा पुकारला की झाकायला. इतकी वर्षं याच वापरल्या. आता प्लास्टिकच्या घेतल्यात, हलक्या असतात. म्हाताऱ्यांची बोटं दुखतात हो."

हार्लनने भिंग काढलं. एक चकती पाहिली, मग दुसरी, मग हाताला येईल ती. प्रत्येक खेचराच्या उजव्या कानाला खाच होती. साचाच तसा होता. राज्यातली सगळ्यात दुर्मीळ चकती मेथडिस्ट बायका मंगळवारच्या मंगळवार आकड्यांवर दाबत होत्या, आणि बावीस वर्षं तो जिला जन्मखूण समजत होता ती अख्ख्या खानदानाची होती.

"काय येईल यांचं?" ओपलने विचारलं. "आमच्या हॉलचा कूलर गेलाय. मागच्या रविवारी ऑर्गन वाजवणारी बाई भजनाच्या कडव्यातच कोसळली. नव्याचे अडतीसशे डॉलर सांगतायत. तेवढे मिळाले की झालं. कोण घेतंय त्याचं मला सोयरसुतक नाही."

"मला शनिवारपर्यंत वेळ द्या, बाई."

"ठेवा डबा. चर्चची वस्तू कोणी चोरत नाही. आणि तुम्ही चोरलीत, तर देवाला तुमचा पत्ता ठाऊक आहे. पुस्तकात छापलाय."

ती गेल्यावर हार्लन गॅरेजमध्ये जाऊन बसला. हा डबा बाहेर आला, की 'ज्ञात: एक' पुसलं जाणार, आणि मालकाचं नाव कशाला ठेवतील? ढीगभर असलेल्या वस्तूच्या मालकाचं नाव कोणी छापत नाही. तो पुन्हा केकवरचा हॅरोल्ड होणार होता. हा विचार त्याला बोचला, आणि ते त्याने स्वतःपासून लपवलंही नाही.

"मीच घेतो डबा," रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला. "कूलरचे पैसे देतो आणि एखाद्या जुन्या खाणीच्या विहिरीत ओतून येतो. कोणाचं नुकसान नाही. चर्चला कूलर, मला खेचर."

"अडतीसशे आहेत तुझ्याकडे?" नोरीनने विचारलं.

"नाहीत."

"तेवढं मोल असलेली कुठली वस्तू आहे घरात?"

हार्लनने दिवाणखान्याकडे पाहिलं. मग बटाट्यांकडे.

"म्हणजे," नोरीन बटाटे वाढत म्हणाली, "चकती एकुलती राहावी म्हणून डबा घ्यायचा, आणि डबा घेता यावा म्हणून चकती विकायची. तेलही गेलं, तूपही गेलं. मग तुझ्या हाती काय?"

"पुस्तकात आधीच्या मालकाचंही नाव देतात," हार्लन हळूच म्हणाला. "बारीक अक्षरात."

नोरीन यावर हसणार होती, पण त्याचं तोंड बघून थांबली. तिने त्याच्या ताटात आणखी एक बटाटा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याने गसला फोन केला. चकती विकायचीय, हे गसने त्याला दोनदा म्हणायला लावलं. मग गस म्हणाला, "चार हजार. शनिवारी. शब्द फिरवलास तर तुझे सॉसेज करीन."

शनिवारी हार्लन गाडी घेऊन खानावळीत गेला. डबा मागे ताडपत्रीखाली होता. पैसे घ्यायचे, ओपलला पोचवायचे आणि परत येताना वाटेत एक जुनी खाण लागते, तिथे थांबायचं, एवढाच बेत. बेत सोपा होता आणि त्यात कुणी रडणार नव्हतं.

खोली भरली होती, कारण गसला गुपित ठेवता येत नाही. गसने स्वच्छ शर्ट घातला होता. त्याने लिफाफा टेबलावर ठेवला. हार्लनने डबी त्याच्याशेजारी ठेवली. कोणीतरी कॉफी ओतायचं थांबलं.

"बोट विकली," गस म्हणाला. "मासे तसेही गळाला लागत नव्हते."

"बोट? तुझी बोट?"

"अरे, ऐक तरी." गस चकतीकडे बघत होता, आवाज नेहमीपेक्षा लहान होता. "माझा आइता, माझा बाप, मेंढ्या राखायचा. उन्हाळाभर डोंगरात एकटा, कुत्र्याशी बोलायचा. सप्टेंबरात मजुरी हातात पडली की कॉपर फ्लॅटवरून यायचा. एका वर्षी ब्लाइंड म्यूलमध्ये शिरला आणि सकाळी घरी आला तो रिकाम्या हाताने. आईने त्याला काही विचारलं नाही. तेच त्याला लागलं. मरेपर्यंत म्हणायचा, गस, खेचर आंधळं नव्हतं रे, मी होतो. तर मला त्याची एक चकती परत आणायचीय. एक तरी. बस, एवढंच."

त्याने लिफाफा पुढे सरकवला. "घे, मोज. खाटकावर विश्वास ठेवू नये."

हार्लनने लिफाफ्याला हात लावला नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी, की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हा माणूस बोट विकून जे घ्यायला आला होता, ते बाहेर ताडपत्रीखाली डबाभर पडलं होतं.

"थांब," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

तो पळून गेला असं खोलीतल्या दोघांना वाटलं. तिसरा म्हणाला, डबी इथे आहे, पळेल कसा? तेवढ्यात हार्लन कॉफीचा डबा पोटाशी धरून आत आला आणि त्याने तो टेबलावर उपडा केला.

एकाने चकती उचलली, टेबलावर टाकून आवाज ऐकला, कान पाहिला. मग त्याने हार्लनकडे पाहिलं, ते बघणं हार्लनला सोसवेना.

"चर्चच्या आहेत," हार्लन म्हणाला. "बिंगोच्या. मला मंगळवारपासून माहीत होतं. गस, मी तुला एक विकणार होतो आणि बाकीच्या खाणीत टाकणार होतो. आता सगळ्यांना माहीत झालं. त्यांना कूलर हवाय. ज्याला जे द्यायचं ते द्या."

आणि मग एक मजेशीर गोष्ट झाली. भाव कोसळला, पण लोक हसत होते. प्रत्येकाच्या अल्बममध्ये तेच एक भोक होतं आणि ते एकाच दुपारी बुजलं. वीस-वीस डॉलरच्या नोटा खानावळीच्या तव्यावरच्या धिरड्यांसारख्या एकीवर एक पडत गेल्या. कूलरला जेवढे कमी पडले, तेवढे गसने लिफाफ्यातून काढून दिले आणि उरलेला ढीग दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला.

"बाप हरला त्याहून जास्त असतील," तो म्हणाला. त्याने नाक पुसलं, मग ओरडला, "पत्ते आहेत का इथे कुणाकडे?"

इतकी वर्षं ही माणसं चकत्यांवर भांडली होती, पण त्यांनी एकमेकांशी पोकरचा एक डाव खेळला नव्हता. चकत्यांना घाम लागतो म्हणून. वेट्रेसने कुठूनतरी पत्ते आणले.

हार्लन दाराजवळच्या एका खुर्चीवर बसला. ती कुणाची नव्हती.

"तिथे काय करतोस?" गस म्हणाला. "जागेवर बस की, खेचरा. कॉफी कोण वाढणार?"

हार्लन उठला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याने आधी सगळ्यांना कॉफी वाढली. गसने सगळ्यांना मूठमूठ चकत्या वाटल्या. हार्लनच्या वाट्याच्या पहिल्याच डावात संपल्या. तेव्हा त्याने डबी उघडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा अंगठा चकतीवर घासला गेला. त्याने ती मध्ये टाकली. हातात दोन राण्या होत्या. गसकडे तीन सत्त्या निघाल्या.

गसने ढीग ओढून घेतला, आणि मग थांबला. "अरे, तुझी होती ना यात? काढून घे. ती जिंकलेली धरत नाही मी."

हार्लनने चष्मा चढवला. ढिगावर वाकला. एक उलटी केली, एक सुलटी केली, एक खिडकीच्या उजेडात धरली. सगळी खेचरं डोळ्यांवर पट्टी बांधून उभी होती, सगळ्यांच्या कानाला खाच होती.

"ही," तो शेवटी म्हणाला आणि हाताजवळची उचलली.

"नक्की?"

"बावीस वर्षं ओळखतो मी तिला."

गसने मान डोलावली आणि पत्ते पिसले. दुसऱ्या डावाला हार्लनने सगळ्यात आधी तीच चकती लावली.