टीव्हीतला भाऊ

ऐन भाऊबीजेला वारूळवाडीत आमच्या दारासमोर एका माणसाची गाडी पंक्चर झाली. बायकोचा एकुलता भाऊ दुबईला होता. यंदाही तिला चंद्रालाच ओवाळावं लागणार होतं. मेव्हण्याला तिकडं मीच धाडलं होतं, म्हणून तिच्याकडे बघवत नव्हतं.

पाणी पिताना त्या माणसाला हे कळलं. त्याने आपला लिनक्सचा लॅपटॉप आमच्या इंटरनेटला जोडला, मेव्हण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि वायर नव्या टीव्हीत खोचली. लॅपटॉपवर उघडलेल्या काळ्या चौकटीत एक ओळ टाइप करून त्याने मेव्हण्याचा चेहरा बाजूला सरकवला. चेहरा लॅपटॉपच्या काठावरून निघून थेट टीव्हीत गेला.

बायको टीव्हीला ओवाळू लागली.

“आक्के, दिवा कुठंय? मला नुसती भिंत दिसतीय!” मेव्हणा ओरडला.

कॅमेरा लॅपटॉपला होता. त्या माणसाने लॅपटॉप दोन्ही हातांवर उचलला आणि टीव्हीला खेटून उभा राहिला. “सावकाश ओवाळा ताई, मी धरलाय.”

तिने टीव्हीच्या काचेला कुंकू लावलं, मग त्या माणसाच्या कपाळालाही. हात अडकलेले, म्हणून त्याने नुसती मान लववली.

त्याचं नाव विचारायचं राहिलं, हे मला अजून खातं. बायको म्हणते, “भावाला कुणी नाव इचारतं व्हय?”