धरणाची जोडी

टेलिफोन कचेरीच्या तळघरात, जिथं शहरातल्या साऱ्या तारा येऊन एका लोखंडी चौकटीला टेकतात, तिथं एक माणूस सत्तावीस वर्षं कान लावून बसला होता. तारा तपासायचं त्याचं काम, म्हणून सगळे त्याला टेस्टरकाका म्हणत. खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की ढग, हे काकांना तारांच्या आवाजावरूनच कळायचं.

एके काळी ती चौकट मधाच्या पोळ्यासारखी गुणगुणायची. मग काचेची केबल, म्हणजे फायबर, आली आणि एकेक तार मुकी होत गेली. आता तांब्याची एकच जोडी जिवंत होती. दोन बारीक तारा, बावीस किलोमीटर लांब, पार डोंगरामागच्या धरणापर्यंत. धरणावरचा मोडेम दर पाव तासाला पाण्याची पातळी पाणीखात्याला कळवायचा, तो याच जोडीवरून. काचेची केबल तिकडे न्यायची मंजुरी तीन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती.

नव्या अधिकारी मॅडम पहिल्यांदा खाली आल्या, तेव्हा काकांनी तपासणीचा फोन त्यांच्या कानाला लावला.

"अगं बाई! किंचाळतंय काहीतरी!"

"धरणावरचा मोडेम बोलतोय तो. यंत्राकडे शब्द दोनच, हो आणि नाही. पण या जुन्या तारेला हो-नाही उमगत नाही, तिला नुसते आवाजाचे चढउतार वाहता येतात. म्हणून मोडेम 'हो'साठी एक सूर काढतो, 'नाही'साठी दुसरा. पलीकडचा मोडेम ते सूर ऐकून पुन्हा हो-नाही मांडतो. मधे तार खरखरली की 'हो'चं 'नाही' होतं, आणि भरलेलं धरण कागदावर रिकामं दिसतं."

"काका, तुम्हाला यातलं पाणीसुद्धा ऐकू येतं की काय?"

"पाणी नाही. खरखर येते. तेवढी पुरे आहे."

काकांची बायको अकरा तासांच्या वाटेवर, दुसऱ्या गावी, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपाशी राहत होती. नऊ वर्षं. त्या गावच्या बदलीसाठी काका नऊ वर्षं अर्ज करत होते, आणि शेवटी हुकूम आला. महिनाअखेर मोकळं व्हायचं. अट एकच, हातातली लाइन दुसऱ्याला समजावून द्यायची.

आणि इथंच काकांचा पाय त्यांच्याच दोरीत अडकला.

जमिनीखालची ती केबल फार जुनी, आतल्या तारांना कागद गुंडाळलेला. जोडावर ओल धरली की जोडी खरखरायची. मग काका सायकल काढायचे, वाटेवरच्या, तारा जोडायच्या डब्याचं झाकण उघडायचे आणि बिघडलेली जोडी सोडून शेजारची, वापरात नसलेली कोरडी जोडी जुळवायचे. असा प्रत्येक बदल वहीत लिहायचा नियम होता. काकांनी एकही लिहिला नाही. लाइन पडली की वरच्या मजल्यावरचे साहेब जिना उतरून यायचे, म्हणायचे, "काका, बघा ना जरा." त्या 'बघा ना'ची काकांना चटक लागली होती. वहीत असतं, तर कुणीही बघितलं असतं.

आता चार दिवस ते लाइनचा नकाशा काढत बसले. अकरा डबे होते. आठांपुढे जोडीचे नंबर झरझर पडले. उरलेल्या तीन डब्यांपाशी पेन थांबलं, कारण तिथं नंबर नव्हताच. कोरड्या हवेत एक जोडी बरी लागायची, दमट हवेत दुसरी. कोणता तरी नंबर ठोकून मोकळं होता आलं असतं. काकांनी पेन टेकवलंही. मग धरणाखालची घरं डोळ्यांपुढे आली. त्यांनी तिन्ही ठिकाणी लिहिलं, 'ऐकून ठरवावे.'

मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"आठ ठिकाणं कुणीही सांभाळेल. पण ऐकून ठरवावे म्हणजे?"

"म्हणजे कान लावायचा, आणि ठरवायचं."

"कुणी?"

काकांचा हात आपसूक स्वतःच्या कानाशी गेला.

"वहीबद्दल मी काही बोलत नाही, काका. पण हे वाचून तुम्हाला सोडलं आणि उद्या पातळी चुकली, तर?" त्यांनी बदलीचा हुकूम उचलून खणात ठेवला. "काचेची केबल येईपर्यंत थांबा."

"ती कधी यायची?"

"मंजुरी आली की."

"ती तर तीन वर्षं येतेच आहे," काका म्हणाले. हसलं कुणीच नाही.

सहा वाजता रोजच्यासारखा बायकोचा फोन आला.

"अहो, बाबांनी आज तुमची खाट खिडकीशी टाकायला लावली. म्हणाले, जावईबापूंना वारा लागू दे. सोडतायत ना तुम्हाला?"

"हे बघ, कागद मी दिला, पण त्यात काय झालं की..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

काकांनी तोंड उघडलं, पण त्यातून काही निघेना. हा फोन नव्या काचेच्या लाइनवरचा. तिच्यावर खरखर नसते. ती इतकी स्वच्छ, की पलीकडचा माणूस गप्प झाला तर लाइनच मेली असं वाटावं. जुन्या तारेवर निदान खरखर तरी पोचली असती.

"अहो? आहात ना? ऐकताय ना? आहात का तिथं?"

"आहे," काका म्हणाले. "इथंच आहे."