हिराबाईनं पोटात घातलं नाही

हिराबाईनं पहिल्याच भेटीत माझ्या हातातली प्लास्टिकची डबी घेतली, झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "एवढीशी? बाई, आमचा ऐवज मोठा हाय." तांड्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दिग्रसजवळच्या त्या बंजारा तांड्यावर मी सकाळपासून बायकांकडे शौचाचे नमुने मागत हिंडत होते आणि एकीनंही डबीला हात लावला नव्हता. हिराबाईनं दोन डब्या उचलल्या. एक स्वतःसाठी, दुसरी शेवंताबाईसाठी. त्या दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा होत्या. एकाच घरात दिलेल्या.

कापसाची ती वाईट वर्षं होती. ज्वारीची वावरं पऱ्हाटीनं, म्हणजे कापसाच्या पिकानं, केव्हाच खाल्ली होती आणि आता पऱ्हाटीही हाती लागत नव्हती. घरात भाकरीच्या जागी रेशनचा भात आला होता आणि भूक मारायला दिवसभर गोड चहा. यवतमाळ जिल्ह्यात बाहेरून कुणी आलं, तर त्याला हडकुळी माणसं बघायची असत. जाड बाई समोर आली की तो फोटो न काढता पुढे जाई. "आमी गरीब हाओ हे लोकाईले पटतच नाही," हिराबाई म्हणायची. "पोट आडवं येते."

दोघी बहिणी सारख्याच जाड होत्या. आमच्या कामाला अशाच बायका हव्या होत्या. नागपूरला ज्या सरांच्या हाताखाली मी काम करत होते, त्यांना पाहायचं होतं की काही जाड बायकांना साखर, रक्तदाब, कमरेभोवतीची चरबी असं सगळं एकदमच का धरतं आणि तेवढ्याच जाड दुसऱ्या बायका ठणठणीत का राहतात. या दोन प्रकारच्या बायकांच्या आतड्यांतले जंतू वेगळे असतील का? मी हे तांड्यावर समजावून सांगितलं. त्या दिवशी बोटाला टोचून रक्तही तपासलं. हिराबाईची साखर ठीक निघाली. शेवंताबाईची फार वाढलेली होती, रक्तदाबही. मी तिला चिठ्ठी लिहून दिली, "डॉक्टरांना लगेच दाखवा" असं दोनदा बजावलं, डब्या थंड पेटीत भरल्या आणि नागपूरला निघून गेले. निकाल कळवीन, असं निघताना म्हणाले. असं आपण म्हणतोच.

सात-आठ महिन्यांनी नागपूरला आमच्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात हिराबाई बसलेली दिसली. मांडीवर पिशवी, नजर दारावर. मी शेवंताबाईची विचारपूस केली.

"मेली," ती म्हणाली. मग जे झालं ते तिनं एकही हुंदका न देता सांगितलं.

माझी चिठ्ठी घेऊन दोघी बाजाराच्या दिवशी दिग्रसच्या एका खाजगी डॉक्टरकडे गेल्या होत्या. दवाखाना माणसांनी भरलेला. शेवंताबाई आत शिरली तसा डॉक्टर मोठ्यानं म्हणाला, "ही गाठ जिनिंगमध्ये न्यायची, इथं कुणी उतरवली?" दाबून बांधलेल्या कापसाच्या गठ्ठ्याला गाठ म्हणतात हे कापसाच्या गावात पोरालाही कळतं. सगळी रांग हसली. चिठ्ठी न वाचताच त्यानं परत दिली आणि सांगितलं, "औषध काही नाही. तोंड बंद ठेव, कामाला लाग." शेवंताबाई तेव्हाही रोज दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला जात होती. पुढे पऱ्हाटीचा खुंट तिच्या पायात घुसला. जखम चिघळली. हिराबाईनं हातापाया पडून सांगितलं, पण ती दवाखान्याची पायरी चढायला तयार होईना. "तेथं लोकं हासतेत," एवढंच म्हणायची. शेवटी शुद्ध हरपल्यावर तिला यवतमाळला नेलं. तिसऱ्या दिवशी परत आणलं ते झाकून.

"आमी दोघी एकाच ताटात जेवलो," हिराबाई म्हणाली. "एकीचं रक्त गोड झालं, एकीचं नाही. मंग दोष तोंडाचा कसा? मले ते कागदावर लिहून द्या. त्याले दाखवाचं हाय."

एकेकीचा अहवाल बाहेर द्यायचा नाही, असा सरांचा नियम होता. मी तो तिला सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमचा बी नंबर हाय, बाई. पण पयला त्याचा."

हे वाक्य मला आजही झोंबतं. ती तीन दिवस नात्यातल्या कुणाकडे तरी राहिली आणि रोज सकाळी येऊन व्हरांड्यात बसली. चौथ्या दिवशी सरच कंटाळले. म्हणाले, सगळ्यांचा मिळून जो निष्कर्ष आहे तो मराठीत लिहून दे, नावं घालू नकोस. मी लिहिलं: सारख्याच जाड बायकांमध्ये, ज्यांना साखर-रक्तदाबाचा त्रास आहे आणि ज्यांना नाही, त्यांच्या आतड्यांतल्या जंतूंमध्ये फरक दिसतो. नुसती जाडी पाहून कोण आजारी आहे ते ठरवता येत नाही. तपासावं लागतं. हे जंतू आजाराचं कारण आहेत की परिणाम, ते अजून सांगता येत नाही. शेवटचं वाक्य वाचून दाखवताना मला ओशाळल्यासारखं झालं.

"म्हंजे तिले जंतूनं मारलं असं लिहता येत नाही?"

"नाही."

"लिहू बी नका. तिले जंतूनं नाही मारलं."

बाजाराच्या दिवशी मी तिच्याबरोबर त्या दवाखान्यात गेले. खरं सांगते, मला भीती वाटत नव्हती. मला त्या माणसाचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. हिराबाईनं कागद टेबलावर ठेवला. "मले वाचता येत नाही. तुमी वाचा. जोरानं वाचा, त्या दिवशी जोरानंच बोलले होते."

तो वाचू लागला. आवाज खाली गेला की ती म्हणायची, "मांगच्याईले आयकू येत नाही." त्यानं सगळं वाचलं. मग तिनं शेवंताचं नाव सांगितलं, खुंट सांगितला, तिसरा दिवस सांगितला. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला, "माझं चुकलं. माफ करा."

"माह्यं पोट मोठं हाय," हिराबाई म्हणाली, "पण हे पोटात घालाले नाही. माफी देल्ली का तुमी झोपसान."

तेव्हापासून दर बाजारी ती त्याच्या दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसू लागली. भांडायची नाही, बोलायचीही नाही. कुणी जाड बाई आत गेली की उठून दारात उभी राहायची आणि रक्त तपासेपर्यंत हलायची नाही. डॉक्टरनं एकदा पोलिसाला बोलावलं. पोलिसाची आई त्याच रांगेत बसली होती. तो पाणी पिऊन निघून गेला. माझाही नंबर तिनं चुकवला नाही. "डब्या घेऊन आलत्या, आता मशीन घेऊन या," असा निरोप पाठवला. मग मी सुट्टीच्या दिवशी नागपूरहून एसटीनं साखर मोजायचं यंत्र घेऊन तांड्यावर जाऊ लागले. अशी कितीतरी वर्षं जात राहिले. तिनं एकदाही आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

पुढे डॉक्टरनं दिग्रस सोडलं आणि उमरखेडला दवाखाना थाटला. हिराबाई पहिल्याच आठवड्यात एसटीनं तिथंही जाऊन बसली. लोक म्हणाले, आता सोड. ती म्हणाली, "तो गाव बदलते. मी काहून बदलू?"

आमची शेवटची भेट उमरखेडच्या स्टँडवर झाली. ती थकली होती. पायऱ्या चढताना दम लागत होता. माझी बदली पुण्याला झाली होती, ते सांगायला मी आले होते. मी विचारलं, डॉक्टर अजून तसाच आहे का?

ती पिशवी मांडीवर घेऊन बाकावर टेकली.

"नाही. आता लय चांगला डॉक्टर झाला," ती म्हणाली. "बायाईले खुर्ची देते. हळू बोलते. पाय धुऊन पायते, बोटाच्या मधात सुद्धा. गेल्या बाजारी एका बाईचा पाय वाचवला त्यानं. तिचं लेकरू त्याच्या पाया पडत होतं."

"मग तुम्ही जिंकलात, हिराबाई."

"तेच मले सोसत नाही, बाई. त्याले येत होतं हे सगळं. पयल्यापासून येत होतं."