आठ जणांची यादी

आमची पलटण तेव्हा ईशान्येच्या डोंगरात होती. बेस कॅम्पमध्ये पाऊस थांबत नव्हता आणि घरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात औरंगाबादला पाऊस नाही एवढंच असायचं. मी हवालदार होतो आणि पलटणीच्या क्रॉस कंट्री टीमचा कोच.

कोच कसा झालो ते आधी सांगतो. मी औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यातला, वडील कोर्टात कारकून. कॉलेजच्या हॉकी आणि बास्केटबॉलच्या टीममध्ये होतो, आठशे मीटर पळायचो, भाला फेकायचो. चार खेळ खेळणाऱ्याला एकही धड येत नाही, असं वडील म्हणायचे. मला राग यायचा. स्पोर्ट्स कोट्यातून फौजेत आलो आणि त्यांचंच खरं ठरत गेलं. हॉकीत माणूस कमी पडला की मला हॉकीत पाठवायचे, बास्केटबॉलमध्ये कुणी आजारी पडला की तिकडं. एकाच खेळाचा पक्का कॅम्प मिळावा म्हणून तीनदा अर्ज केले. तिन्ही वेळा उत्तर एकच, तू ऑलराउंडर आहेस. एकोणतिसाव्या वर्षी हॉकी खेळताना डावा गुडघा गेला. मग माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं.

ब्रिगेडची स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. टीमचे जवान सरावासाठी खाली बेसला राहणार, बाकीचे कंपनीबरोबर वर पोस्टवर जाणार, असा हुकूम होता. जागा आठ. माझ्याकडं धावणारे नऊ.

नववा शिपाई नामदेव कोळेकर. करमाडच्या पुढच्या वस्तीवरचा, मेंढपाळाच्या घरातला. माझ्या जिल्ह्यातला म्हणून मी त्याच्याशी जास्तच कडक वागायचो. चार दिवसांपूर्वीच तो रजेवरून परतला होता. रजा कसली, चारा नाही म्हणून मेंढ्या घेऊन वीस दिवस गोदावरीच्या काठानं चालत होता. गालफडं बसली होती.

शेवटची ट्रायल सकाळी सहाला झाली. दहा किलोमीटर. लान्स नायक पवार आठवा आला, कोळेकर नववा. फरक चार सेकंद.

तो धापा टाकत माझ्याकडं आला.

"उस्ताद, दोन दिवस द्या. पाय मोकळं झालं की मी मागं ऱ्हात नाय."

ते मलाही माहीत होतं. पावणेआठला मी ॲडज्युटंट साहेबांपुढं उभा राहिलो आणि नऊ माणसं मागितली. नाहीतर दोन दिवस.

"हवालदार, आठ मतलब आठ. नौ बजे लिस्ट चाहिए."

नऊला यादी दिली. अकराला बी कंपनीच्या गाड्या निघाल्या. कोळेकर मागच्या फळीला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. टीमच्या सामानासाठी एक माणूस हवा, असं लेखी मागून त्याला ठेवून घेता आलं असतं. हे मला दुपारी दोनला सुचलं. त्या दिवशी स्वतःचा जेवढा राग आला तेवढा साहेबांचाही आला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी १४२० ला मी सिग्नलच्या खोलीत होतो. वायरलेस सेटवर बी कंपनीचा आवाज आला. गस्तीच्या वाटेवर दरड कोसळली होती.

"एक जवान मिसिंग. नाम नोट करो. ओव्हर."

ऑपरेटरनं नाव लिहून घेतलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

डोंगर लवकर चढतील अशी माणसं बेसला आठच होती. त्यांना घेऊन मी निघालो. दोन तास दहा मिनिटं लागली. गुडघा बांधून घेतला होता. वर पोचल्यावर आधी फावड्यांनी, नंतर हातांनी माती काढली. १७४० ला कोळेकरचा देह सापडला.

पवार चिखलात तसाच बसून राहिला.

"उस्ताद, आठवा मीच होतो."

मी म्हणालो, "ऊठ. स्ट्रेचर उचल."

त्याच पावसानं खालचा रस्ता वाहून गेला आणि स्पर्धा रद्द झाली. तसा एका ओळीचा सिग्नल आला.

दोन महिन्यांनी रजा मिळाली. करमाडला उतरून वस्तीवर गेलो. नामदेवचे वडील बाभळीखाली बसले होते. त्यांच्या शेजारी बसलो आणि सांगून टाकलं, ट्रायलमध्ये मागं राहिला म्हणून त्याला टीममधून मी काढलं, टीममध्ये असता तर वर गेला नसता.

"किती मागं ऱ्हायला व्हता?"

"चार सेकंद."

"म्हंजे केवढं?"

मला ते तोंडी सांगता येईना. उठलो आणि बाभळीपासून मेंढ्यांच्या कुंपणाकडं अठरा मीटर चाललो. तिथं थांबलो. म्हातारबाबा उठले, तेवढंच अंतर स्वतः चालत माझ्याजवळ आले, वळून बाभळीकडं पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच, बाबा."

त्यांनी मला चहा पाजल्याशिवाय जाऊ दिलं नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फौजेतून आल्यावर शहरात मुलामुलींना धावणं शिकवतो. आता शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. ते करमाडच्या दिशेनं इतकं वाढलं की म्हातारबाबांची वस्ती होती तिथं आज गोदाम आहे. उन्हाळ्यात ट्रॅकवर मारायला पाणी मिळत नाही, मुलं धुळीत पळतात. अर्ज अजूनही करतो, उत्तरं अजूनही तशीच येतात. स्पर्धा आल्या की यादी करावी लागते आणि कुणाचं तरी नाव सुटतं.

शिपाई नामदेव कोळेकर, बी कंपनी, वय बावीस. दुष्काळात वीस दिवस मेंढ्यांमागं चालून आलेला माणूस चार सेकंदांनी मागं राहिला. यादीत ते लिहायला जागा नव्हती.