कॅसेटमावशीचं मागचं कपाट

कॅसेटमावशीच्या दुकानात गिऱ्हाइकाला सिनेमा निवडायची परवानगी नव्हती. नव्या माणसाला प्रश्न पडायचा, ही बाई धंदा करायला बसली आहे की शाळा चालवायला? जुनी गिऱ्हाइकं मात्र निमूटपणे काउंटरपाशी उभी राहायची. मावशी चष्मा कपाळावर चढवून आधी तोंडाकडे बघायची, मग विचारायची, "जेवलास का? घरी कोण कोण आहे?" एवढ्या भांडवलावर ती मागे वळून फळीवरची एक डबी काढायची आणि समोर आपटायची. नवराबायकोचं भांडण झालं असेल तर विनोदी. परीक्षेत आपटलेल्याला घोड्यांच्या शर्यतीचा. आणि ज्याचं सगळंच छान चाललंय त्याला मुद्दाम रडवणारा. "फार सुख बरं नाही, माणूस माजतो," असं ती वर ऐकवायची.

परत करताना सिनेमातला एक प्रसंग सांगावा लागे. सांगता आला नाही तर तीच डबी पुन्हा घरी. कोपऱ्यावरच्या शिंप्याने एकच सिनेमा पुन्हा पुन्हा नेला आणि अखेर हात जोडले. "मावशी, मी पडद्यासमोर बसलो की झोपतो हो. माझ्या बायकोला विचारा, तिनं बघितलाय." मावशीने खरोखर बायकोला बोलावून घेतलं. तिने अख्खा सिनेमा नकलांसकट असा सांगितला की दुकानाबाहेर गर्दी जमली आणि शिंप्याला स्वतःच्याच बायकोकडे नव्याने बघावं लागलं. आता फोनवर अंगठा सरकवत बसणाऱ्यांना यातली मजा सांगून कळायची नाही, आणि मी सांगणारही नाही.

दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. तिथे आधी मावशीचा नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा मागे ही खोली, एक शाळकरी मुलगा आणि भिंतींना चिकटलेला वितळलेल्या शिशाचा वास एवढंच उरलं. मावशीने फळ्या ठोकल्या आणि कॅसेट मांडल्या. पुढे कॅसेट जाऊन सीडीच्या चकत्या आल्या, पण नाव पडलं ते पडलंच.

माल पुरवायचा तिचा भाऊ. तो बोटीवर आचारी होता. बंदर आलं की उतरायचं आणि जुन्या बाजारातून खोकंभर सिनेमे उचलायचे, इतकंच त्याला ठाऊक. आत काय आहे हे तो बघत नसे. कांदेसुद्धा तो याहून निवडून घ्यायचा. त्यामुळे मावशीकडे काय नव्हतं? मोठमोठ्या दिग्दर्शकांचे कृष्णधवल सिनेमे होते. चार मित्रांनी उसन्या कॅमेऱ्यावर काढलेले होते, त्यात नायिका बोलत असताना बाहेरून ट्रक गेला तर त्याचाही आवाज यायचा. खाली अक्षरं येणारे परदेशी तर ढिगाने. दुपारी शटर अर्धं ओढून मावशी एकेक बघायची आणि बघितल्याशिवाय फळीवर ठेवायची नाही. त्यातले काही मात्र फळीवर न जाता मागच्या लोखंडी कपाटात जायचे.

या कपाटाबद्दल गल्लीत काय काय बोललं जायचं! शेवटी कुणीतरी चुगली केली आणि एक पोलीस आला. मोठ्या आशेने त्याने कपाट उघडायला लावलं. आत होते दोन पुरुषांच्या प्रेमाचे सिनेमे, दोन बायकांच्या प्रेमाचे सिनेमे. त्याने काउंटरवरच्या टीव्हीवर एक लावून बघितला, पुढे पळवला, आणखी पळवला. "यात तर कुणी काही करतच नाही," तो हिरमुसून म्हणाला. "करतात की," मावशी म्हणाली, "वाट बघतात. घरी ने, नीट बघ, आणि येऊन प्रसंग सांग." पुढच्या आठवड्यात तो साध्या कपड्यांत आला. म्हातारा मास्तर फलाटावर उभा असतो आणि गाडी सुटली तरी हात हलवत नाही, तो प्रसंग सांगायला लागला आणि मध्येच थांबला. मावशीने पाण्याचा पेला पुढे केला. त्यानंतर चुगल्या झाल्या, पण चौकशीला कुणी आलं नाही.

त्या कपाटाची गिऱ्हाइकं ठरलेली. औषधवाला, व्यायामशाळेतला धिप्पाड मास्तर, आणि एका छत्रीतून येणाऱ्या दोघी शिक्षिका. त्यांना मावशी प्रसंग विचारायची नाही. दुकान रिकामं झालं की ते आपणहून सांगायचे, हळू आवाजात, मध्ये मध्ये दाराकडे बघत. मावशी सगळ्या गल्लीची मावशी होती. या चौघांची जरा जास्त होती.

पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ना, ते काही उगीच नाही. मावशीचा मुलगा मोठा होऊन दुसऱ्या शहरात छापखान्यात लागला. मावशीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो एका मित्राला घेऊन आला. जाड भिंगांचा, हडकुळा, दर वाक्याला "सॉरी हं काकू" म्हणणारा. मावशीने त्याचं नाव मनातल्या मनात चष्मेवाला ठेवलं. दवाखान्यात तो खुर्चीत बसून झोपला, घरी आल्यावर त्याने भांडी घासली. आणि एका सकाळी एका डोळ्यावर पट्टी असलेल्या मावशीने दुसऱ्या डोळ्याने बघितलं, की मुलाने चष्मेवाल्याच्या कपात अर्धाच चमचा साखर घातली, न विचारता, बोलता बोलता. चष्मेवाल्याने मुलाच्या कपावरची साय काढून स्वतःच्या तोंडात टाकली. परक्यांच्या बाबतीत दोन प्रश्न लागायचे. इथे एका चहात काम झालं.

मावशी काहीच बोलली नाही. मुलगाही बोलला नाही. पुढच्या वेळी तो एकटा आला, त्याच्या पुढच्याही वेळी एकटाच. मग येणं सुट्टीपुरतं राहिलं, मग फोनपुरतं. फोनवर तो हवेबद्दल बोलायचा. आणि जगाच्या घरात नाक खुपसणारी ही बाई, तीही पोटच्या पोराशी हवेबद्दलच बोलायची.

होता होता दुकान बंद करायची वेळ आली. सिनेमे सगळ्यांच्या खिशात आले होते. शिंप्याची बायको अधूनमधून यायची, पण गप्पा मारायला. मावशीने मुलाला फोन केला, "ये बाबा, खोकी भरायला माणूस हवा." तो चार दिवसांची रजा काढून आला. मावशीला पक्कं कळत होतं की दुकान गेलं की त्याला बोलवायला निमित्त उरणार नाही. आत्ता बोलणं झालं नाही, तर हा मुलगा कायमचा फोनमधला एक सभ्य आवाज होऊन बसणार. या भीतीने तिला जेवण जाईना.

दोन दिवस दोघं डब्या पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी तो मागच्या कपाटाशी पोहोचला. "आई, किल्ली?"

मावशीने कपाट स्वतः उघडलं. मग तिने एक डबी काढली आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं, ती समोर आपटली. "आधी हा बघ. मग भर."

तो तिचा सगळ्यात लाडका सिनेमा होता. कृष्णधवल. पियानो दुरुस्त करणारा एक माणूस आणि त्याला रोज नदीपलीकडे नेणारा नावाडी. मुलगा घरी पडद्यासमोर बसला, मावशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून नुसतं ऐकत उभी राहिली. तिला वाटलं, आता त्याला कळेल की मला कळलंय, आणि वर किती सुंदर सिनेमातून कळेल! शब्द खर्च करायला नकोत. माणसाने आपल्या हुशारीवर इतकंही खूश होऊ नये.

सिनेमा संपला तेव्हा ती बाहेर आली. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही दोघं आला होता तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले रे."

त्याने डबी उचलली. "आणि आता सांगायचं ठरवलंस तर हा दिलास?"

"कपाटातला सगळ्यात चांगला आहे तो."

"आई, नावाडी बुडून मरतो."

"मरतो. पण काय घेतलाय तो प्रसंग! ती रिकामी नाव नुसती फिरत राहते..."

"दुसरा कोणता आहे तुझ्याकडे?"

"फलाटाचा आहे. त्यात मरत नाही कुणी. एकाचं लग्न लावून देतात आणि मास्तर एकटाच राहतो."

"आणखी?"

"एकात तुरुंग आहे. एकात आजार. दोघी मैत्रिणींचा आहे, फार गाजलेला, त्यात..." मावशी थांबली. ‘विषाची बाटली’ हे शब्द तिच्या ओठांवर आले होते.

मुलगा हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला. "आई, तुझ्या अख्ख्या कपाटात असा एकही नाही का, ज्यात शेवटी दोघं जिवंत असतात? आणि आपल्या घरी असतात?"

मावशी खाली बसली. एवढी वर्षं तिने हे सिनेमे बघितले, लोकांना दिले, लोकांबरोबर रडली. पण हा हिशेब तिच्या डोक्यात कधी आला नव्हता. आणि आता आला तर बाकीचंही सगळं उलगडलं. अवेळी फोन वाजला की तिच्या छातीत का धस्स व्हायचं. चष्मेवाला दिसला नाही की वाईट वाटायचं, तरी आतून कुठेतरी हायसं का वाटायचं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, आणि हे ती पहिल्यांदाच स्वतःलाही सांगत होती, "तू सांगितलंस की गोष्ट सुरू होईल. आणि सुरू झाली की तिचा शेवट येईल. मला एकच शेवट माहीत होता. म्हणून मी तुला सुरूच करू दिलं नाही."

"मला वाटायचं तुला लाज वाटेल."

"लाज? वेड्या, भीती वाटायची मला. जीव मुठीत धरून बसायचे मी."

दुसऱ्या दिवशी मावशीने भरलेली खोकी पुन्हा फोडली. मुलगा म्हणाला, राहू दे गं. पण ती ऐकेल तर ना! पदर खोचून तिने कपाट उपसलं, फळ्या उपसल्या, आणि अगदी तळाच्या खोक्यात तिला एक डबी सापडली. ती बघून तिने कपाळाला हात लावला. हा सिनेमा ज्याने नेला त्याने तोंड वाकडं करून परत आणला होता. औषधवाला म्हणाला होता, मावशी, यात काही घडतच नाही. व्यायामशाळेतल्या मास्तरला एकही प्रसंग आठवेना. शेवट तर तिनेही कधी बघितला नव्हता, कारण अर्ध्यातच तिला झोप लागली होती.

दोघं शेजारी शेजारी बसले. सिनेमात दोन म्हातारे होते. एक घर होतं. नळ गळत होता. एक म्हातारा दुसऱ्याच्या पायाची नखं कापत होता आणि दुसरा ओरडत होता की तू नेहमी फार आत कापतोस. खिडकी कुणी उघडी ठेवली यावरून भांडण झालं, ते बरंच लांबलं. मध्ये एक ट्रक गेल्याचा आवाज आला.

मावशी डोळ्यांत तेल घालून बघत होती. एक म्हातारा खोकला. तिने मुलाचा हात धरला. "याला क्षय आहे," ती कुजबुजली. क्षय नव्हता, ठसका होता. मग दारावर टकटक झाली. "पोलीस आले." शेजारीण मीठ मागायला आली होती. मग स्वयंपाकघरातला दिवा गेला आणि जाडा म्हातारा बदलायला डुगडुगत्या स्टुलावर चढला. मावशीने मुलाच्या हातात नखं रुतवली. "आता पडतो. बघ तू. आता पडतो हा."

म्हाताऱ्याने दिवा बसवला आणि खाली उतरला. उजेड पडला. दुसऱ्याने ताटं मांडली. दोघं जेवायला बसले, मीठ जास्त झालं म्हणून पुन्हा थोडं भांडले, आणि पडद्यावर नावं यायला लागली.

"संपला?" मावशीने विचारलं.

"संपला."

"मेलं नाही कुणी?"

"नाही गं."

मावशी नावं संपेपर्यंत बसून राहिली, न जाणो नंतर काही झालं तर. पडदा काळा झाला तेव्हा ती हमसाहमशी रडायला लागली, नावाड्यासाठीही ती इतकी रडली नव्हती. मुलाने तिला जवळ घेतलं. मग तिने नाक पुसलं, हात पुढे केला आणि म्हणाली, "त्याला फोन लाव."

मुलाने लावून दिला. मावशीने हॅलो म्हटलं. पलीकडून चष्मेवाल्याचा घाबराघुबरा आवाज आला. "काकू? सॉरी हं, मी जरा बाहेर होतो. सगळं ठीक आहे ना? काही झालंय का तिकडे?"

"काही झालेलं नाही रे," मावशी म्हणाली. "म्हणूनच ये."